हौसाचा 'क'

दिवाळी होऊन गेली, भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या, तरी हौसाच्या शाळेचं काय करायचं यावर घरात कुणी बोलत नव्हतं. हैबतरावांच्या घराची ही जुनी रीत होती. एखादी गोष्ट बोलायची नाही असं ठरलं की ती उंबऱ्यात पसरलेल्या कुत्र्यासारखी सगळ्यांच्या पायात यायची आणि जो तो तिला ओलांडून जायचा.

हौसा ही हैबतरावांच्या मुलाची, नथूची थोरली लेक. जूनमध्ये तिला मारुतीच्या देवळामागच्या शाळेत पहिलीला घातली होती. बोलताना तिची जीभ पहिल्या अक्षराला अडायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. तिनं 'प... प...' केलं की कुणीतरी 'पानी व्हय?' म्हणून तांब्या पुढं करायचं आणि गोष्ट तिथं मिटायची. शाळेत तांब्या पुढं करणारं कुणी नव्हतं. एक खोली, चार वर्ग आणि एक मास्तर. पोरांनी आधी एका सुरात म्हणायचं, मग एकेकानं उभं राहून. हौसा उभी राहिली, 'क कमळाचा' म्हणायला लागली आणि 'क'वरच राहिली. पोरं हसली. संध्याकाळी घरी येताना वाटेत पोरांनी तिचं नाव 'कक्की' पाडलं. त्यानंतर ती दसऱ्यापर्यंत शाळेत जात होती, पण तोंड उघडत नव्हती. मग हळूहळू घरातही उघडेनाशी झाली. मान हलवायची, बोट दाखवायची. साळूबाई, तिची आई, एकदा परसात तोंडाला पदर लावून रडली आणि डोळे पुसून पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली.

शेवटी नथू मास्तरांकडे गेला. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं की पोरगी मंद नाही, अक्षर तर तिचं वर्गात सगळ्यांत वळणदार आहे. पण एवढ्या पोरांत एकटीकडे बघायला मला सवड होत नाही. घरी कुणी शिकवणारं असेल तर शिकवा आणि चैत्रात घेऊन या. पुस्तक वाचलं आणि स्वतःच्या मनानं चार ओळी लिहिल्या तर दुसरीत बसवतो. नाही जमलं तर मग नाव काढून टाकलेलं बरं.

घरी शिकवणारं होतं. नथूची थोरली बहीण गोजराबाई लहानपणी खडकीला मामाकडे राहून सातवीची फायनल पास झाली होती. पुढं तिला माणला दिली. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा, म्हणजे पानशेतचं धरण फुटलं त्या पावसाळ्यात, ती माहेरी आली ती इथंच राहिली. तिला कुणी 'जा' म्हणालं नव्हतं आणि 'राहा' असंही म्हणालं नव्हतं. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि भावजयीच्या मध्ये येणार नाही अशा बेतानं घरात वावरायची. साळूबाईही तिच्याशी कामापुरतं बोलायची. एका चुलीवर दोघींचे हात चालत, पण मनं आपापल्या कोपऱ्यात असत.

नथू येऊन म्हणाला, "आक्का, तुझ्यावाचून हितं दुसरं कोन हाय?" असं तिला कित्येक दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. तिनं लगेच पाटी धुवायला घेतली.

पण पाटी धुण्याइतकं ते सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं अंकलिपी उघडली. स्वर झाले, आणि व्यंजनांचं पान उलटलं तर पहिलाच 'क'. त्याच्यामागं ख, ग, घ. हौसानं ते पान पाहिलं आणि पाटी उलटी करून ठेवली. गोजराबाईनं गोड बोलून पाहिलं, जरा दरडावून पाहिलं, गुळाचा खडा हातावर ठेवून पाहिला. हौसा 'क' सुरेख गिरवायची, पण ओठ दाबून. आपल्याला शिकवलं तसंच हिला शिकवून भागायचं नाही, एवढं गोजराबाईला कळलं. मग कसं शिकवायचं ते मात्र कळेना. मामाच्या घरी तिला कुणी कसं शिकवायचं हे शिकवलं नव्हतं.

वाट सापडली ती गोठ्यात. एका सकाळी ती पेंढा काढायला गेली तर गव्हाणीपाशी हौसा कालवडीशी बोलत होती. बोलत होती, आणि न अडखळता. "मैना, ये. माझी मैना. वल हाय, नगं लोळू." गोजराबाई होती तिथंच गंजीच्या आडोशाला उभी राहिली. पोरगी बराच वेळ गुळगुळीत बोलत होती आणि मग पेंढ्यावर आली. 'प... प...' झालं, आणि तिनं बोलणंच सोडून दिलं, नुसता कालवडीच्या गळ्याला हात घातला.

त्या दिवसापासून गोजराबाई कान देऊन ऐकू लागली. हौसा अडते कुठं आणि वाहते कुठं, एवढंच. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की म, न, ल, र, स, व ही अक्षरं पोरीला वाट देतात. ती तोंडात धरून ठेवता येतात, लांबवता येतात. प, त, ब, द ही दार लावल्यासारखी बंद होतात आणि क तर आत घशातच कडी घालून बसतो. अंकलिपीतल्या क्रमानं तिला नेमकं सगळ्यांत जड दारापुढं आधी उभं केलं होतं. क्रम कुणी देवानं घालून दिलेला नाही, आपण आपला क्रम लावू, असं गोजराबाईनं ठरवलं. आधी वाट देणारी अक्षरं, त्यांचा काना आणि त्यांचे शब्द. मग मात्रा, वेलांटी. मग एकेक करून बंद दारं. आणि सगळ्यांत शेवटी 'क'.

सहा अक्षरांत शब्द किती सापडणार? मामा, नाना, रान, मान, वारा, वाल. स आणि र आले की 'सासर' आपोआप तयार होत होतं. ते तिनं गाळलं. दोन दिवसांत शब्दांचा साठा संपला. तेव्हा ती चुलीपाशी साळूबाईच्या शेजारी जाऊन बसली.

साळूबाई इथल्याच धरणाच्या पाण्यापलीकडच्या, डोंगराच्या पोटातल्या वाडीची. तिचं बोलणं या घराहून थोडं निराळं होतं. इथं 'न्हाई' म्हणत, ती 'नाय' म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडून काही निघालं की सगळे हसायचे. हसणं कुणी वाईट मनानं केलं नव्हतं, पण तिनं तेव्हापासून बोलणंच कमी केलं होतं.

"साळू, तुमच्या रानात 'म'चं काय काय असतं गं?" गोजराबाईनं विचारलं.

साळूबाईचा हात पिठात थांबला. "कशाला? पाटीवर मांडून हसायला?"

"हसायला न्हाई. हौसाला वाचायला."

साळूबाईनं भाकरी थापली, तव्यात टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग चुलीकडे बघतच म्हणाली, "मोहळ."

"अजून?"

"माठ. मुरूडशेंग. 'व' चालतो का? वाघेटी. आन 'स'ची सावर." आणि मग ती थांबेचना. लव्हाळा, रानतूर, सागरगोटा, शेवळं. मोहळ कसं काढतात, वाघेटीची भाजी कोणत्या नक्षत्रात करतात, तिचा भाऊ सावरीच्या झाडावरून कसा पडला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती या घरात एवढं सलग बोलल्याचं गोजराबाईला आठवत नव्हतं. तव्यावरची भाकरी एका अंगानं करपली ते दोघींनाही वास आल्यावरच समजलं.

"वन्सं, असले शब्द शाळंत चालत्यात व्हय?" शेवटी साळूबाईनं विचारलं.

"माझ्या शाळंत चालत्यात," गोजराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हौसानं पाटीवर 'मोहळ' पाहिलं, आणि ते आईचं आहे म्हटल्यावर ओठ उघडले. पण एकटीनं म्हणायचं नाही असा गोजराबाईनं नियमच केला होता. दोघींनी मिळून म्हणायचं. दोन आवाज बरोबर चालले की पोरीची जीभ अडत नाही, हे तिला दळताना, हौसा ओवीत सूर मिसळायची तेव्हा, कळलं होतं. मग ती आपला आवाज थोडा थोडा खाली आणायची, इतका की एका क्षणी हौसा एकटीच म्हणत असायची आणि तिला ते ठाऊकही नसायचं. पौषात पोरगी पाटीवर आपल्या मनानं लिहू लागली. 'माय रानात हाय' हे तिचं पहिलं वाक्य. त्यासाठी 'त' आणि 'य' तिनं स्वतःहून मागून घेतले होते.

नथूनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. मास्तर पुस्तकातलं बोलणं मागतो, 'हाय' लिहिलेलं बघून पोरीला उभी करील, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं. गोजराबाईनं त्याला समजावलं की आधी पोरीला तिचं जे आहे ते लिहू दे, तोंडातलं पाटीवर उतरतं एवढी खात्री तिला पटू दे. 'आहे' फाल्गुनात शिकवीन, ते शिकायला एक दुपार पुरे. नथूला पुरतं पटलं नाही, पण पाटी तिला परत देऊन तो उठला.

याहून अवघड निघाला तो दुसरा नियम, कारण तो पोरीसाठी नव्हता, थोरांसाठी होता. हौसा अडली की कुणी तिचा शब्द पुरा करायचा नाही. तिचा ती काढील तोवर थांबायचं. आजी धोंडाबाईला ते निर्दयपणाचं वाटलं. नात तडफडतेय आणि आपण नुसतं बघत बसायचं म्हणजे काय, असं ती म्हणाली. हैबतरावांनी तर नियम ऐकलाच नाही. ते गावात बोलणारे म्हणून नावाजलेले, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात उचलून पुढं न्यायची त्यांना जन्माची सवय. नातीचंही ते तसंच उचलत.

माघात एक दिवस दुपारच्या जेवणाआधी माणहून कुशाबा आला. गोजराबाईचा थोरला दीर. घोटावड्याला एसटीतून उतरून चालत आला होता, पायावर धूळ होती, आणि हातात रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून आणलेली वांगी. त्याला ओटीवर घोंगडी टाकली. तो बसला, पाणी प्यायला, आणि इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आला. आई, सगुणाबाई, चंपाषष्ठीच्या सुमारास अंगणात पडली आणि कमरेतून गेली. धाकटी सून, गोजराची सवत, बाळंतपणाला माहेरी आहे. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं नीट खात नाही, गोजराचं नाव काढते. "आईच्या मनातली सून तीच हाय," तो म्हणाला. "झालं गेलं मी काय बोलू? पर मी सोता न्यायला आलोय."

दारामागं उभ्या गोजराबाईनं सगळं ऐकलं. दुसरं कुणी आजारी असतं तर तिला ठरवायला वेळ लागला नसता. पण सवत घरात आली त्या दिवशी त्या घरात एकटी सगुणाबाईच जेवली नव्हती. गोजराबाई निघाली तेव्हा सासू तिला वेशीपर्यंत सोडायला आली होती, आणि तिनं तिच्या पदरात तांदूळ बांधले होते.

ओटीवर बोलणं चाललं होतं. हैबतरावांना मनातून बरं वाटलं होतं. लेकीला टाकली अशी गावात चर्चा झाली होती. आता थोरला दीर स्वतः चालत न्यायला येतो, म्हणजे मान राहिला. तसं ते बोललेही. धोंडाबाई त्यांच्या बाजूची निघाली, आणि तिचं कारण वेगळं होतं. ती बोलली नाही, पण गोजराबाईला ते माहीत होतं, कारण आईनं ते तिला एकदा न्हाऊ घालताना सांगितलं होतं: आम्ही दोघं आहोत तोवर ठीक, आमच्या मागं भावजय तुला भाकरी घालील की नाही कुणास ठाऊक. नथू खाली बघत होता. बहिणीचं घर पुन्हा बसत असेल तर आपण आड कसं यायचं, आणि ती गेली तर हौसाचं काय, या दोन्हींत तो सापडला होता.

हैबतरावांनी गोजराबाईला बाहेर बोलावलं. ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की चैत्रापर्यंत तिला हलता येणार नाही, हौसाचं अर्ध्यावर आहे.

"चार अक्षरं तर हायेत," हैबतराव म्हणाले. "म्हैन्यात उरक."

तिनं सांगायचा प्रयत्न केला. अक्षरं बहुतेक झाली आहेत हे खरं, पण राहिलंय ते सगळ्यांत जड आहे. घाई केली तर पोरगी पुन्हा ओठ मिटील. तिचं ऐकून कुशाबानंच तोड सुचवली, आणि ती त्यानं चांगल्या मनानं सुचवली. पोरीलाही बरोबर घेऊन चला. माणला शाळा आहे, आमची पोरं जातात. आत्याच्या नजरेखाली राहील, सासूचंही होईल, पोरीचंही होईल.

ओटीवरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नथूनं मान वर केली. हैबतराव म्हणाले, हे बेस झालं. धोंडाबाई म्हणाली, कुठल्या वारी निघायचं ते बघा. वार ठरवायचं बोलणं सुरूही झालं.

"माझी पोर काय आंदन हाय का, वन्संच्या संगं द्यायला?"

आवाज दारातून आला आणि आधी कुणालाच कळलं नाही की तो कुणाचा. साळूबाई उंबऱ्यात आली होती. पदर डोक्यावर होता, हाताला पीठ होतं. या घरात आल्यापासून ती सासऱ्यांपुढं एकदाही बोलली नव्हती. नथू अर्धा उठला आणि तसाच खाली बसला.

"साळू," धोंडाबाई म्हणाली.

"आत्याबाई, मला बोलू द्या. पुन्ना नाय बोलायची." तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "पोर कुटं जायाची ते तिच्या आईला इचारा. आन वन्सं जायाच्या का नाय, ते त्यांचं त्यास्नी इचारा. त्यांची सासू हाय, त्यांचा जीव हाय. पर त्यास्नी हितं जागा नाय म्हनून जाऊ नका म्हनावं. त्या माझ्या घरात ऱ्हातील. तुमी असताना ऱ्हातील आन तुमच्या मागारीबी ऱ्हातील. त्यांचं वझं नाय व्हायचं मला."

गोजराबाईनं आईकडे पाहिलं. धोंडाबाई सुनेकडे बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघत होती. मग ती सावकाश उठली आणि हैबतरावांच्या बाजूची जागा सोडून दाराजवळ, सुनेच्या पायाशी येऊन बसली.

हैबतरावांचा चेहरा लाल झाला होता. पाहुण्यासमोर सुनेला बोलावं तर शोभत नाही, न बोलावं तर राहवत नाही. त्यांनी मध्येच आईच्या पदराला धरून उभी असलेली नात पाहिली आणि सगळा राग तिकडे वळवला.

"हौसे, हिकडं ये. आत्यासंगं माणला जाशील?"

"नाय," हौसा म्हणाली.

स्वच्छ, एका दमात. आणि आईचा शब्द. गोजराबाईच्या मनात, त्याही वेळी, येऊन गेलं की 'न' आपण पहिल्याच आठवड्यात घेतला होता.

"का गं?" हैबतरावांनी विचारलं.

हौसानं तोंड उघडलं. "आत्यानं मला अजून क... क..." आणि ती अडली. मान ताणली गेली, डोळे मिटले.

"करमत न्हाई तितं?" कुशाबा मायेनं म्हणाला.

"काय, कापड?" नथूच्या तोंडून गेलं.

"थांबा," साळूबाई म्हणाली. "तिचं ती बोलंल."

हैबतरावांचे ओठ उघडले होते. शब्द त्यांच्या तोंडात तयार होता, कुठला ते देव जाणे. धोंडाबाईनं त्यांच्याकडे पाहून हात किंचित वर केला. ते थांबले. ओटीवर कुणी हललं नाही. गोठ्यात कालवड दावं ओढत होती तेवढाच आवाज. हौसाच्या घशातला 'क' येत होता आणि परत जात होता, आणि गोजराबाई श्वास धरून उभी होती, कारण शब्द कुठला आहे ते तिला एकटीला कळलं होतं, आणि तो उचलून देणं किती सोपं आहे तेही.

"क दिला नाय," हौसा म्हणाली. "बाकी समदी दिली."

कुशाबाला काही कळेना. काय दिलं नाही, असं त्यानं विचारलं. "अक्षर," गोजराबाई म्हणाली. "एक ऱ्हायलंय तिचं." बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं होतं. "भावजी, मी उद्या येते. आत्याबाईंना बघते, न्हाऊमाखू घालते आन सांजंला माघारी येते. आठवड्याला येत जाईन. धाकटी परत येईस्तोवर. पर नांदायला येनार न्हाई. आत्ताबी न्हाई आन चैत्रानंतरबी न्हाई."

कुशाबानं पटका सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाला, "आईला तेवढंबी लई वाटंल." तो जेवून गेला. साळूबाईनं त्याच्याच वांग्यांचं भरीत केलं होतं.

हैबतराव त्या दिवशी जेवणावरून उठले ते शेतावर गेले. पुढं कितीतरी दिवस त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही आणि लेकीशी कामापुरतंही बोलले नाहीत. आपल्या ओटीवर आपल्याला वगळून ठरलं, याचं दुःख त्यांना होतं, आणि ते खोटं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे गोजराबाई माणला जाऊन आली. सगुणाबाई खाटेला लागली होती, हाताची नुसती काडी झाली होती. "ऱ्हायला आलीस?" तिनं विचारलं. गोजराबाईनं नाही म्हणून सांगितलं, का ते सांगितलं, पोरीचं सांगितलं. म्हातारी छताकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मंग वेळ नगं घालवू. माझे केस इचर आदी." गोजराबाईनं तेल लावून गुंता सोडवला, वेणी घातली, भात भरवला. निघताना अंगणात नवरा उभा होता. त्यानं वाट दिली, ती गेली.

'क' तिनं पुढून न आणता मागून शिकवला. शब्दाच्या सुरुवातीला नाही, शेवटी. नाक, साक, वाक. मग मधे: लाकूड, माकड. पोरगी 'नाक' म्हणायची तेव्हा 'क' तिच्याही नकळत निघायचा, मग 'नाक काळं', मग नुसतं 'काळं'. कधी निघायचा, कधी नाही. फाल्गुनात 'आहे' आलं, आणि खरोखरच एका दुपारीत आलं. होळीला साळूबाई पाटीशी येऊन बसली आणि नथूला काही न सांगता 'साळू' गिरवून गेली.

चैत्रात गोजराबाई हौसाला घेऊन शाळेत निघाली तेव्हा हैबतराव पटका बांधून अंगणात उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते मागून चालत आले आणि शाळेच्या दाराबाहेर उभे राहिले. मास्तरांनी पुस्तक उघडून दिलं. हौसानं वाचलं. दोन ठिकाणी अडली. मागच्या बाकावर कुणी फिसकलं तेव्हा मास्तरांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा वाट पाहत राहिले. मग तिनं चार ओळी लिहिल्या, कालवडीवर. पहिल्या तिन्ही ओळींत 'आहे' होतं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'मैना मारकी नाय.' मास्तरांनी ते वाचलं, खडू उचलला, परत ठेवला. दुसरीत बसवतो म्हणाले.

येताना हौसा पुढं पळत होती. गोजराबाईच्या मागून हैबतराव काठी टेकत येत होते. ओढ्यापाशी ते थांबले. तीही थांबली. माघापासून ते तिच्याशी आपणहून बोलले नव्हते.

"गोजरे," ते म्हणाले, "दुसरीचं पुस्तक पौडला मिळंल, का पुन्यालाच जावं लागंल?"

"पौडला मिळंल, आबा."

"मंग येत्या बाजारी आनतो. शाळंतनं आली की सांजंचं तुलाच बघाया लागनार हाय."

"व्हय," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, धोतर सावरलं आणि पाण्यात पाय घातला. माणचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, आणि पुढंही कधी काढला नाही.